हिंगोलीचा हलता चिमटा

जुनी बुलेट मागून हलायला लागली की हिंगोली जिल्ह्यात पहिला आळ येतो तो रस्त्यावर. रस्ता उलटून बोलत नाही आणि त्याला नावं ठेवल्याने ठेकेदारालाही वाईट वाटत नाही, त्यामुळे हा आळ सगळ्यांच्या सोयीचा असतो. दुसरा आळ हवेवर. पंक्चरच्या दुकानात मागच्या चाकात हवा ठासून भरली जाते आणि मग गाडी हलतेही आणि उडतेही. तिसरा आळ मागे बसणाऱ्यावर. सेनगावहून हिंगोलीला लग्नाला निघालेल्या जोडप्यात "नीट बस ना जरा, गाडी वढायलीय" आणि "मी काय केलं? मूर्तीवानी बसले की" हा संवाद एकदा तरी झडतोच. नंतर शॉकअपची पाळी येते. लाल स्प्रिंगांचे नवे शॉकअप बसतात. टायर बदलतो. स्पोक आवळून रिमचा आउट काढला जातो. हे सगळे संशयित एकेक करून निर्दोष सुटले आणि खिसा पुरेसा हलका झाला की मग कुणीतरी, बहुतेक चहा पीत बसलेला तिऱ्हाईत, विचारतो, "चिमटा बघितला का?"

चिमटा कुणी बघितलेला नसतो, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. मागचं चाक ज्या दोन लोखंडी हातांत धरलेलं असतं तो चिमटा. त्याचं मूळ गिअरबॉक्सच्या मागे, चिखल, चेनचं वंगण आणि वर्षानुवर्षांची धूळ यांच्या थराखाली दडलेलं. तिथे सांगाड्यातून एक लांब बोल्ट आरपार जातो आणि त्या बोल्टावर, दोन बुशांच्या आधाराने, चिमटा वरखाली झुलतो. वरखाली झुलायची त्याला पूर्ण मुभा. डावी-उजवीकडे केसभरही सरकायची परवानगी नाही. टाकीवर सोनेरी रेघ मारून घेणारा, सायलेन्सरवर चार पगार उधळणारा शौकीन या दोन बुशांवर दमडी खर्च करत नाही. बुश दिसत नाहीत, वाजत नाहीत, फोटोत येत नाहीत.

मागचं चाक असं झुलतं ठेवावं ही कल्पना तशी फार जुनी नाही. मोटरसायकलीच्या पहिल्या पन्नासेक वर्षांत बहुतेक गाड्यांचं मागचं चाक थेट सांगाड्यालाच जखडलेलं असे. खड्ड्यांचा झटका सीटखालच्या स्प्रिंगा आणि चालवणाऱ्याचा मणका अर्धा-अर्धा वाटून घेत. इंग्लंडच्या व्हिन्सेंट कंपनीने १९२८ पासून मागचं चाक झुलवलं होतं, पण तो श्रीमंतांचा कारभार. रॉयल एनफील्डने १९४८ साली इटलीत सॅन रेमोला झालेल्या सहा दिवसांच्या खडतर स्पर्धेत झुलत्या चिमट्याची बुलेट उतरवली, तिच्या स्वारांनी सुवर्णपदकं आणली आणि १९४९ पासून ती गाडी लोकांना विकत मिळू लागली. १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया सुरू झाली. इंग्लंडची मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बुडाली, मद्रासची मात्र फटफटत राहिली. म्हणजे इंग्रज माणसाने डोंगरातल्या शर्यतीसाठी केलेली सोय गोरेगाव ते कनेरगाव नाक्याच्या कच्च्या रस्त्यावर दुधाचे चार कॅन घेऊन पळाली, आणि पळता पळता झिजली.

ती झिजते कशी, हे मात्र नीट पाहण्यासारखं आहे. चाकाचं बेअरिंग गोल गोल फिरतं, त्यामुळे त्याची झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. चिमट्याचा बुश आयुष्यात एकदाही पूर्ण फिरत नाही. खड्डा आला की थोडासा वर, खड्डा गेला की थोडासा खाली, एवढीच त्याची हालचाल. सगळा भार एकाच बाजूला, ग्रीस तिथूनच दाबून बाहेर फेकलं जातं, आणि गोल भोक हळूहळू लांबट होतं. त्यात उसाच्या मोळ्या, हळदीची पोती, ट्रिपल सीट. दोन बुशांमधलं अंतर वीतभर, चिमट्याची लांबी जवळपास हातभर. त्यामुळे मुळाशी अर्धा मिलिमीटर ढिलाई आली तर चाकापाशी ती दुपटीहून जास्त होऊन पोचते. तिला गॅरेजच्या भाषेत 'प्ले' म्हणतात.

खड्ड्यांच्या रस्त्यावर हा प्ले सुखाने नांदतो. गाडी सगळ्याच बाजूंनी नाचत असते, त्यात मागच्या चाकाचा वेगळा नाच कुणाच्या ध्यानात येणार? अकोला-नांदेड महामार्ग चौपदरी झाला आणि पंचाईत झाली. जी बुलेट जन्मभर चाळिशीत चालली ती आता सत्तरीत निघाली आणि लांब वळणावर मालकाला प्रथमच जाणवलं की पुढचं चाक नांदेडला चाललंय आणि मागच्याचं अजून वाशिमला जायचं की नाही ते ठरत नाही. चांगल्या रस्त्याने माणसाचे जुने आजार बाहेर काढले, अशी तक्रार करणारे लोक याच जिल्ह्यात भेटतात.

आता याच जिल्ह्यातला दुसरा टांगता कारभार. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या माळावर लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीचे दोन हात काटकोनात पसरायचे आणि त्यांच्यातून लेसरचा किरण सोडायचा, असा बेत. चिमट्यालाही हात दोनच, पण साम्य इथेच संपतं. अमेरिकेतल्या अशा वेधशाळांत किरण परतवणारे आरसे चाळीस-चाळीस किलोचे आहेत आणि ते एकाखाली एक अशा चार लोलकांच्या साखळीत, शेवटी अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक अशा काचेच्या तंतूंवर टांगलेले असतात. हेतू एकच: जमीन हलली तरी आरसा हलू नये. प्रोटॉनच्या व्यासाचा दहा हजारावा भाग, एवढा बदल ते यंत्र टिपू शकतं. जगातलं सर्वांत काटेकोर सस्पेन्शन ज्या तालुक्यात येणार, त्याच तालुक्यातून रोज सकाळी दोन-दोन सूत हलणारे चिमटे दूध घेऊन जातात.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे सुताराचं, गवंड्याचं आणि गॅरेजच्या उस्तादाचं माप. त्याहून बारीक काम असलं की लेथवाल्याचा 'थाऊ' येतो, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोक्याच्या केसाची जाडी दोन ते चार थाऊ भरते. थाऊ आणि दुधाळ्याच्या यंत्राचं माप यांत शेकडो लाख कोटी पटींचं अंतर आहे. उस्तादाला हे सांगितलं तर तो शांतपणे विचारतो, "मग तेवढ्याला पाना कोणता लागतो?"

लायगोवाल्यांचे त्रासही ऐकण्यासारखे. अमेरिकेत हॅनफर्डच्या वेधशाळेत २०१७ च्या उन्हाळ्यात नोंदींमध्ये चमत्कारिक टकटक दिसू लागली. शोध घेतला तेव्हा थंडगार पाइपांवर साचलेलं हिम डोमकावळे चोचीने टोचताना सापडले. तिथल्याच लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेशेजारून जाणारी आगगाडी आणि जंगलातली झाडतोड नोंदीत उमटते. ज्या यंत्राला कावळ्याची चोच सोसत नाही त्याच्या आसपास साडेतीनशे सीसीची बुलेट किक मारून चालू झाली तर शास्त्रज्ञ ती कोणत्या दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या नावावर घालतील, हा प्रश्न औंढ्याच्या चहाच्या टपरीवर रंगू शकतो. जिल्ह्याच्या जमिनीलाही तिचा स्वतःचा थोडा प्ले आहेच. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाला जमिनीतून येणारे गूढ आवाज नवे नाहीत आणि १० जुलै २०२४ च्या सकाळी सातनंतर साडेचार तीव्रतेचा धक्का जिल्हाभर जाणवला. लोक घराबाहेर पळाले. ज्यांची बुलेट त्या वेळी रस्त्यावर होती त्यांनी, असं समजायला हरकत नाही, उतरून मागच्या चाकाची हवा तपासली असेल.

असो. चिमटा.

तो गेलाय की नाही हे ठरवायची रीत साधी आहे. उस्ताद गाडी मेन स्टँडवर चढवतो, मागे उकिडवा बसतो, एका हाताने सांगाडा धरतो आणि दुसऱ्याने चाक आडवं ढकलतो. 'टक्' असा आवाज येतो. गाडीचे मालक, हे बहुधा निवृत्त गुरुजी असतात, लगेच निदान करतात, "चाकाचं बेअरिंग." उस्ताद बारक्याला चिमट्याच्या मुळाशी, सांगाडा आणि चिमटा भेटतात त्या सांध्यावर बोट ठेवायला लावतो आणि पुन्हा ढकलतो. बेअरिंग गेलं असतं तर बोटाला काही कळलं नसतं. बारक्या म्हणतो, "बोट चावायलंय, उस्ताद." तपासणी संपली.

यानंतर जे घडतं ते गुरुजींना बघवत नाही. बोल्ट एकच काढायचा असतो, पण त्याच्यापर्यंत पोचायला मागचं चाक, चेन, चेनकव्हर, ब्रेकचा रॉड, शॉकअपचे खालचे नट आणि सायलेन्सर अशी सगळी वरात उतरवावी लागते. भाग पोत्यावर ओळीने मांडले जातात. गुरुजी म्हणतात, "आरं, एवढं सगळं कामून खोलायलास? बुश तर आत एवढूसे आहेत." उस्ताद म्हणतो, "गुरुजी, ते एवढूसे आहेत म्हणूनच सगळ्यांच्या मागं लपलेत."

आणि मग बोल्ट. पंचवीस-तीस वर्षं त्या जागेवर बसून त्याने सातबाऱ्यावर नाव लावलेलं असतं. गाडी धुताना पंपाचं पाणी आत गेलेलं, ग्रीस कधी गेलंच नाही, आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने बोल्ट जितका कुजतो तितका जास्त घट्ट बसतो. ज्या औंढ्यात संत नामदेवांच्या कीर्तनासाठी अख्खं देऊळ फिरलं अशी श्रद्धा आहे, आणि तिथला नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे तो त्यामुळेच असं भाविक दाखवतात, त्याच औंढ्याच्या रस्त्यावरच्या गॅरेजात हा वीतभर बोल्ट सूतभरही फिरायला तयार नसतो.

इथे गर्दी जमते. डिझेल ओता, असं एक जण सांगतो. दुसरा कोल्ड्रिंकची बाटली आणायला पोऱ्याला पिटाळतो. गंज सुटो न सुटो, उरलेली बाटली त्यालाच मिळते. तिसरा, ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही, म्हणतो, "घाल की घण." हा तिसरा सल्ला सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत घातक. पोलादी हातोडा थेट बोल्टाच्या तोंडावर बसला की तोंड फुलतं, आणि फुललेलं तोंड भोकातून जात नाही. आधी नुसता अडकलेला बोल्ट आता कायमचा रहिवासी होतो. जाणता उस्ताद टोकावर जुना नट उलट चढवतो, म्हणजे आटे वाचतात, मध्ये पितळेचा तुकडा धरतो आणि मगच ठोकतो. त्याआधी रात्रभर तेल मुरू देतो, गॅसबत्तीने मूळ तापवतो, थंड होऊ देतो, पुन्हा तापवतो. एका बाजूने दोन ठोके, दुसऱ्या बाजूने दोन. बोल्ट हलला की एक करकर ऐकू येते, आणि त्या क्षणी घण घालायला सांगणारा म्हणतो, "मी म्हणलो नव्हतो का?"

बाहेर आलेला बोल्ट पाहिला की सगळा इतिहास उघड होतो. मधला भाग नवाकोरा, कंपनीतून आला तसा चकचकीत. दोन्ही टोकांना, बुश बसतात तिथे, खालच्या अंगाने कोरलेली पायरी. नख फिरवलं की अडतं. बुश तर नुसते नावाला उरलेले असतात.

गाडी धातूच्या बुशांची असेल तर पुढचा मुक्काम लेथवर. आणि लेथ म्हणजे हंगाम. हळद शिजवायचे दिवस असले की वसमत-हिंगोलीकडचा लेथवाला बॉयलर, पॉलिशचे ड्रम आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या यांच्या गराड्यात असतो. त्यात गुरुजी गनमेटलचे दोन बुश मागायला जातात. टर्नर मान वर न करता विचारतो, "किती ठेवू?"

"टाइट ठेव."

"टाइट म्हंजे किती?"

गुरुजी विचार करतात. "हलायला नको, पण फिरायला पाहिजे."

अभियांत्रिकीच्या जाड पुस्तकांत बुश आणि बोल्ट यांच्यातल्या फटीवर जी प्रकरणं आहेत, त्यांचा अर्क गुरुजींनी एका वाक्यात सांगितला आहे, हे टर्नरला कळतं. तो आकडा घालतो: दोन थाऊ. पण बाहेरून बुश चिमट्यात दाबून बसवला की त्याचं आतलं भोक आवळलं जातं. म्हणून आतून थोडा माल राखायचा, आधी बसवायचं आणि मग रीमर फिरवून माप काढायचं. घाईचा मिस्त्री आधीच भोक मापात काढतो, बुश ठोकतो, आणि मग बोल्ट जात नाही म्हणून बोल्टालाच पॉलिश पेपर घासत बसतो.

बुश बसवायची एक नामी युक्ती आहे. तो रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा म्हणजे आकसतो. हिंगोलीच्या एप्रिलमध्ये चिमटा सावलीतच बेचाळीस अंशांवर असतो आणि फ्रीजरमधला बुश उणे अठरावर. साठ अंशांच्या या फरकाने तीस मिलिमीटर व्यासाचा गनमेटलचा बुश सव्वा थाऊने बारीक होतो. ऐकायला थोडं वाटतं, पण शिकंज्यात दाबताना तेवढाच जीव वाचतो. गुरुजी बुश पिशवीत गुंडाळून घरी नेतात आणि फ्रीजरमध्ये ठेवतात. पहाटे वर्षभराच्या सोललेल्या मटारांना जागा हवी म्हणून घरच्या बाई ती पिशवी खालच्या भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीशेजारी सरकवतात. तिथे आठ अंश. हिशेब केला तर सव्वाचा पाऊण थाऊ उरतो. अर्धा थाऊ मटारांनी खाल्ला. गॅरेजात बुश दाबताना उस्ताद कपाळाचा घाम पुसत म्हणतो, "फ्रीजर कमजोर दिसतो, गुरुजी."

नंतरच्या बऱ्याच गाड्यांत रबराचे सायलेंट बुश येतात आणि तिथला शहाणपणा वेगळा. हा बुश बोल्टावर फिरतच नाही; त्याची आतली नळी आवळून घट्ट धरलेली असते, बाहेरचं कवच चिमट्यात घट्ट, आणि मधलं रबर पीळ खातं. म्हणून नट शेवटी आवळायचा तो चाक हवेत लोंबत असताना नाही, तर गाडी जमिनीवर, कुणीतरी वर बसलेलं असताना. लोंबत्या चाकाला आवळला तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. काढताना रबर जाळावं लागतं; त्या वासाने शेजारचा हॉटेलवाला एकदा येऊन जातो. मग बाहेरचं कवच हॅक्सॉच्या पात्याने आतून उभं चिरायचं, चिमटा न चिरता. आणि या बुशाला ग्रीस चालत नाही, तेलाने रबर फुगतं. पण मालकाच्या मनाला ग्रीसशिवाय चैन पडत नाही. "थोडं तरी लाव की" असं तो म्हणत राहतो. अनुभवी मिस्त्री मग बाहेरून बोल्टाच्या नटाला चार बोटं ग्रीस फासतो. मालकाचं समाधान होतं आणि बुश वाचतो.

या गाड्यांचं कायदेशीर वयही मजेशीर आहे. नव्वदच्या दशकातल्या हिंगोलीच्या बुलेटवर नंबर असतो एमएच-२२, म्हणजे परभणीचा. हिंगोली जिल्हाच १ मे १९९९ रोजी जन्माला आला आणि एमएच-३८ त्यानंतरचा. गाडी जिल्ह्यापेक्षा वडीलधारी. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी घेता येते, नंबरपाटीवर खास अक्षरं मिळतात, पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. हे ऐकून इथले मालक चमकतात. रोज काढायची नाही तर ठेवायची कशाला? दूध काय पाटीवर घालायचं?

बुश बसले, बोल्ट गेला, दोन्ही बाजूंचे वॉशर जागेवर आले. ग्रीसगनने निपलमधून दाब दिला आणि दोन्ही टोकांनी ताजं ग्रीस डोकावलं की उस्ताद थांबतो. चाक चढवून पुन्हा उकिडवा बसतो, ढकलतो. आवाज नाही. बारक्याचं बोट सुखरूप. गुरुजी बाईंना मागे बसवून महामार्गावर कळमनुरीच्या दिशेला एक फेरी मारतात. लांब वळण येतं, सरतं. दोन्ही चाकं एकाच गावाला जातात. गंमत अशी की गुरुजींचाच तोल जातो. गाडी डावीकडे ओढणार म्हणून हँडल उजवीकडे धरायची इतक्या वर्षांची सवय, आणि आता गाडी ओढतच नाही. ते सरळ रस्त्यावर दुभाजकाकडे सरकू लागतात. मागून बाई विचारतात, "आता कोण हलायलंय?"

बिलाच्या वेळी नेहमीची घासाघीस होते. बुशाची किंमत पाहून गुरुजींचा मजुरीवर विश्वास बसत नाही. दोन बुशांपेक्षा मजुरी एवढी जास्त कशी? उस्ताद वाद घालत नाही, जुना बोल्ट उचलून त्यांच्या हातात ठेवतो. गुरुजी तो उन्हात धरून बघतात, पायरीवर नख फिरवतात आणि पैसे मोजतात. बोल्ट मात्र कागदात गुंडाळून पिशवीत टाकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडायच्या आत बुलेट दारात उभी.

"उस्ताद, काल काहीतरी बिघडवलंस बघ. टॅपेट वाजायलंय."

उस्ताद इंजिनाला कान लावतो. "ते आधीपासूनच वाजायलंय, गुरुजी. चिमट्याच्या आवाजात ऐकू येत नव्हतं."

गुरुजी क्षणभर गप्प राहतात. मग विचारतात, "आणखी काय काय वाजत असंल मग?"

"टॅपेट झालं की सांगतो," असं म्हणून उस्ताद बारक्याला फीलर गेज आणायला पाठवतो.